चौथ्या माणसाचा भात

भाऊंनी स्वयंपाक शिकणार असल्याचं सकाळच्या चहाच्या वेळी जाहीर केलं, आणि जाहीर केलं म्हणजे सरकारी परिपत्रक काढावं तसंच. हा महिना संपायच्या आत आपण मसालेदार स्वयंपाकात तरबेज होणार. धणे-जिरं भाजण्यापासून दालचिनीचा नेमका तुकडा ओळखण्यापर्यंत सगळं येणार. हे ऐकताना लेकीचं बिस्कीट चहात बुडून तळाला गेलं ते गेलंच. भाऊंच्या बायकोने फक्त कप खाली ठेवला. तिला अख्खी इमारत वहिनी म्हणते, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

एवढी घाई कशाची, तर वहिनींच्या बढतीची. त्या एका मोठ्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासतात, आणि दुसऱ्या शहरातल्या शाखेचं प्रमुखपद त्यांना देऊ केलं होतं. पूर्वी दोनदा त्यांनी नाही म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं, "स्वयंपाकघराचं काय?" आता तिसऱ्यांदा विचारणा झाली होती आणि ही शेवटची, असं वरून स्पष्ट कळवलं होतं. होकार की नकार, महिनाअखेर सांगायचं होतं. आपल्या जेवणासाठी बायकोची खुर्ची दुसऱ्याच कुणाच्या तरी बुडाखाली जातेय, हे भाऊंना झोंबलं होतं. त्यांना चहा येत होता. चहाच्या पुढे अंधार होता.

भाऊंची नोकरी वजनमाप खात्यात. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा. भाजीवाली त्यांना पाहून दोन टोमॅटो जास्त टाकायची, आणि भाऊ ते दोन टोमॅटो गंभीर चेहऱ्याने परत ठेवायचे. अशा माणसाला स्वयंपाक म्हणजे काय, नुसतं मोजमाप! असं त्यांना वाटलं. असं वाटणारे ते पहिले नव्हेत.

मसाल्यांचा वर्ग चपलांच्या दुकानावरच्या माडीवर भरायचा. त्यामुळे तिथे शिकलेल्या प्रत्येकाला पहिले काही दिवस वेलदोड्याला नव्या चामड्याचा वास येतो असंच वाटायचं. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, करड्या आवाजाच्या. त्यांच्या मागच्या फळीवर काचेच्या बरण्यांतून लवंगा, मिरी, मोहरी, तमालपत्र असे सगळे मानकरी बसलेले. भाऊंनी वही उघडून मिरीकडे बोट दाखवलं. बाईंनी ते बोट हळूच खाली केलं.

"भात आधी," त्या म्हणाल्या. "मसाला बडबड्या असतो. त्याचं ऐकून घेणारं कुणीतरी शांत माणूस ताटात लागतं. ज्याला भात येत नाही त्याच्या हातात मी लवंगसुद्धा देत नाही."

मग त्यांनी रीत सांगितली. पाणी स्वच्छ निघेपर्यंत तांदूळ धुवायचे, भिजवायचे, बेताचं पाणी घालायचं, उकळी आली की आच बारीक, वर घट्ट झाकण. आणि मग तिथून निघून जायचं. भाताकडे कुणी टक लावून बघितलं की त्याला अवघडल्यासारखं होतं, असं बाईंचं मत होतं.

वर्गातला भाऊंचा पहिला भात झाला तो लिफाफे चिकटवायला उत्तम होता. दुसरा वरून लापशी आणि आतून खडी. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त पातेलं भिजत घालायला सांगितलं. भाऊंच्या मानी स्वभावाला ते फारच लागलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

इमारतीत बातमी पोचायला जिना चढायचाही वेळ लागला नाही. समोरच्या काकूंनी पाण्यात लिंबू पिळायला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्यांनी लिंबाला सक्त मनाई करून तेलाचे थेंब सुचवले. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी मुळात भातच सोडायचा सल्ला दिला. काकू जाता जाता मागे वळून असंही म्हणाल्या, की तुमच्या घरचा भात तर इतका सुंदर होतो, दुपारी तुम्ही तिघंही घरात नसता तेव्हासुद्धा काय वास सुटतो! भाऊंनी "हो हो" म्हटलं. वाक्य त्यांच्या डोक्यात शिरलं ते बऱ्याच उशिरा, दाढी करताना, आणि हनुवटी कापली.

रविवारी सकाळी त्यांनी घरी पहिला प्रयोग केला. तिघांपुरते तांदूळ मोजले, धुतले, भिजवले, चढवले, झाकण ठेवलं आणि बाईंच्या हुकुमाप्रमाणे बाहेरच्या खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. वहिनी गच्चीत कपडे काढायला गेल्या होत्या, लेक आरशासमोर केसांशी भांडत होती. घर एकदम गप्प होतं. स्वयंपाकघरातून पळी कट्ट्यावर ठेवल्यासारखा बारीक आवाज आला, इतकंच.

आच बारीक करायचं राहिलंच, हे भाऊंना आठवलं तेव्हा ते धावत आत गेले. आच बारीक होती. अगदी हवी तितकी, निळी, स्थिर. झाकण उचललं तर वाफेखाली एकेक शीत वेगळं, उभं राहिलेलं, माना वर करून वर्गात बसलेल्या मुलांसारखं. भाऊंना इतका आनंद झाला की आच कुणी बारीक केली हा प्रश्न त्यांनी लेकीच्या नावावर टाकून दिला.

तिघांनी पोटभर खाल्लं, आणि पातेल्यात एका माणसाचा भात उरला.

आता हे तुम्हा-आम्हाला चालून गेलं असतं. पण भाऊंचं तसं नव्हतं. वजनमाप खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला कमी भरलेलं चटकन कळतं. जास्त भरलेलं त्यांनी, ते दोन टोमॅटो सोडले तर, जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी पातेल्यात डोकावून पुन्हा तिघांची ताटं बघितली. वहिनींनी "छान झालाय" म्हटलं खरं, पण ते म्हणताना त्यांचा चेहरा खुलायच्या ऐवजी उतरलाच. भाऊंना वाटलं, बाईमाणसाला आपली जागा गेल्यासारखं वाटत असेल. या असल्या समजुतींवरच तर पुरुषांचे संसार चालतात.

उरलेला भात झाकून ते तिघंही बाहेर गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा पातेलं घासून, पुसून, पालथं घातलेलं होतं. भाऊंना वाटलं वहिनींनी घासलं, लेकीला वाटलं बाबाने घासलं. वहिनींनी काय वाटून घेतलं ते त्या बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी कचेरीतून पितळी प्रमाणवजनं घरी आणली. ही वजनं खात्याची दैवतं, मखमलीच्या खणात ठेवलेली. ती डब्याच्या पिशवीतून नेणं म्हणजे मोठाच गुन्हा, आणि समोरच्या काकूंनी पिशवीचा ठणठणाट ऐकून भाऊ किराणा दुकान काढताहेत असं इमारतभर सांगितलं ते वेगळंच. मोजून घातलेले तांदूळ पुन्हा तिघांचे होते. शिजून निघालेला भात पुन्हा चौघांचा. शिक्का मारलेल्या वजनांवर संशय घ्यायचा तर नोकरीच सोडावी लागेल. उलट साहेबांनीच त्यांच्याकडे वजनं कुठे होती याचा खुलासा मागितला. भाऊंनी प्रामाणिकपणे लिहिलं, "घरच्या भाताच्या तपासणीसाठी." साहेबांनी खाली शेरा मारला: "कोणत्या कलमान्वये?"

तरीही भात उत्तम होत होता हे नाकारून चालणार नव्हतं. भाऊंनी तो डब्यात भरून वर्गात नेला. बाईंनी एक घास घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. सगळा वर्ग भाऊंकडे कौतुकाने बघू लागला. भाऊ मिरीच्या बरणीकडे बघू लागले.

"आता इथे करा," बाई म्हणाल्या.

भाऊंनी इथे केला. लिफाफे चिकटवायला उत्तम.

बाईंनी डबा त्यांच्यासमोर ठेवला. "घरी कोण करतं?"

"मीच करतो."

"भाऊ, मी हात ओळखते. हा तुमचा नाही, तुमच्या बायकोचाही नसावा. फार जुना हात आहे हा," त्या म्हणाल्या आणि डब्याचं झाकण दोन्ही हातांनी, जपून, झोपलेल्यावर पांघरूण घालावं तसं लावलं. "ज्यांचा असेल त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि तुम्ही स्वतः शिका."

खाली चपलांच्या दुकानात कुणीतरी खोका आपटला तेव्हा अख्खा वर्ग दचकला.

भाऊ घरी येतात तो दारात सेक्रेटरी उभे. इमारतीच्या सोसायटीचे हे सेक्रेटरी नियमांचे इतके पक्के, की स्वतःच्या सासूलासुद्धा पाहुणी म्हणून नोंदवून घेतलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तुमच्या घरात नोंदीपेक्षा एक माणूस जास्त राहतं. तुम्ही नसताना नळ वाहतो, भांडी वाजतात. नाव द्या म्हणजे मी मोकळा.

भाऊ म्हणाले, आम्ही तिघंच आहोत. सेक्रेटरी म्हणाले, तसं सगळेच म्हणतात. भाऊ म्हणाले, या, घर तपासा. सेक्रेटरींनी घर तपासलं, पलंगाखाली वाकले, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. आत कुणी नव्हतं. स्टुलावरची उशी मात्र, कुणी नुकतंच उठून गेल्यावर सावकाश वर येते तशी, वर येत होती. सेक्रेटरींनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

"नाव नसेल तर मी 'इतर' लिहितो," ते हळू आवाजात म्हणाले. "इतर, एक. वहिनींना मी मागेच बोललो होतो. त्या नुसत्या हसल्या." आणि ते जिना इतक्या लगबगीने उतरले की पेन मागेच राहिलं.

त्या संध्याकाळी भाऊंनी बापलेकीची तातडीची बैठक बोलावली. लेकीने आच कधीही बारीक केली नव्हती, पातेलं घासणं तर दूरच. तिने शपथ घेतली नाही, पण तिच्या खोलीची अवस्था बघता शपथेची गरज नव्हती.

"मग असू दे ना बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण डोकं चालत होतं. "आईला सांग तूच करतोस. ती जाईल, आपण जेवू. चौथ्यालाही भात. सगळे खूश."

युक्ती चोख होती. भाऊंनी ती मनातल्या तराजूत टाकून बघितली. पण ज्या मापाची आपण खात्री केली नाही त्यावर शिक्का कसा मारायचा? वहिनी या भाताच्या भरवशावर निघून जाणार, आणि उद्या हे जे कोण आहे त्याचं मन फिरलं तर? पोरगी उपाशी, वहिनी अर्ध्या कामातून परत, आणि ती खुर्ची कायमची गेली. नाही. बायकोला जाऊ द्यायचं तर तिला खरा भात खाऊ घालायचा, मग तो कसाही होवो.

तेव्हापासून भाऊ वर्गात पुन्हा पुन्हा भात करत राहिले. बाईंनी "निघून जा" ही सूचना त्यांच्यापुरती मागे घेतली. या विद्यार्थ्याला अवघडलेला भातच परवडेल असं त्या म्हणाल्या. हळूहळू लिफाफ्यांची गोष्ट मागे पडली.

होकार-नकार कळवायच्या आधीच्या रविवारी, भर दुपारी, लख्ख उन्हात, भाऊ स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं. वहिनी नेहमीप्रमाणे गच्चीत. लेक दाराबाहेर कान लावून.

तांदूळ धुताना काही झालं नाही. पाणी उकळलं. भाऊंनी झाकण ठेवलं आणि या वेळी जाग्यावरून हलले नाहीत. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, सगळं रोजच्यासारखं होतं. फक्त मानेवर मागून कोमट हवा लागत होती, वाफेसारखी, आणि वाफ तर समोर होती.

मग गॅसचं बटण आपोआप फिरू लागलं.

भाऊंनी ते पकडलं. बटण त्यांच्या बोटांखाली बारीक आचेकडे ओढ घेत राहिलं, जोराने नव्हे, पण वर्षानुवर्षांच्या सवयीने. दुकानदारांशी बोलायचा खणखणीत आवाज त्यांनी घशात शोधला, तो सापडला नाही, तेव्हा जो मिळाला तो वापरला.

"माफ करा," ते म्हणाले. "आज माझी पाळी आहे. तुमच्या हाताला मी नावं ठेवत नाही. आमच्या वर्गाच्या बाईंनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. पण आज मला करू द्या. तुम्ही बसा."

मग बटण सैल पडलं. आणि मागे स्टूल करकरलं, एखादं वयस्क माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसावं तसं.

भाऊंनी आच स्वतः बारीक केली, जरा उशिराच. मागे कुणीतरी चुकचुकल्यासारखा आवाज झाला. भाऊंनी मागे बघितलं नाही. माणसाचा अपमान कुठूनही व्हायचा असेल तर होतोच, पण प्रत्येक वेळी वळून बघायलाच हवं असं नाही.

भात झाला. तळाला तांबूस खरपूड धरली होती, वरचा थर जरा ओलसर, मधला मात्र खरोखर भात होता. आणि तिघांना वाढल्यावर पातेलं रिकामं झालं. भाऊंनी पातेलं तिरकं करून बघितलं. मोजून तिघांचा. एवढं सुख त्यांना कधी झालं नव्हतं.

वहिनींनी पहिला घास घेतला आणि हात ताटातच थांबला.

"हा तुम्ही केलात," त्या म्हणाल्या.

"हो. लागलाय थोडा. पण दर वेळी सुधारतोय. तू जा, आम्ही उपाशी नाही मरणार."

वहिनी हसतील असं दोघांना वाटलं होतं. पण त्या रडायलाच लागल्या, तेही ताटावर, भात हातात धरून. लेक आईजवळ सरकली.

"तुमच्या पोटाची काळजी मला कधीच नव्हती हो," वहिनी म्हणाल्या. "या घरात आल्या दिवसापासून मी झाकण ठेवते आणि गच्चीत जाते. परत येते तेव्हा भात झालेला असतो. पहिल्यांदा वाटलं, समोरच्या काकू येऊन करून जातात. मग विचार करणंच सोडलं. मसाले माझे, सगळं माझं. भात एकदाही माझा नाही. सगळे म्हणतात वहिनींच्या हातचा भात. आणि तिकडे गेले की..." त्यांनी डोळे पुसले. "अहो, मी स्वयंपाकघरात एकटी कधी उभीच राहिले नाहीये. तिकडे कुणी नसणार. त्याची भीती वाटते."

भाऊंनी इतकी वर्षं खाल्लेल्या भाताचा मनात हिशेब मांडला आणि लगेच सोडून दिला. दोन नकार! भुकेल्या नवऱ्यासाठी नव्हे, तर या एवढ्यासाठी. त्यांना राग यायला हवा होता असं त्यांना वाटलं, पण तेवढ्यात ते उठलेले होते.

"ऊठ," ते म्हणाले. "तांदूळ धू."

"आत्ता? जेवणात?"

"आत्ताच. मी दाखवतो."

तिघंही उष्ट्या हातांनी आत गेले आणि हात धुवून कट्ट्याशी उभे राहिले. भाऊ पहिल्यांदाच शिकवत होते, त्यामुळे फार मोठ्याने बोलत होते. वहिनी वाकून पातेल्यात बघत होत्या, रक्ताच्या नमुन्यात बघतात तशा, श्वास रोखून. दाणा कधी फुगतो, पाणी कधी दिसेनासं होतं, वरती खड्डे कधी पडतात. लेकीला मागून कुणीतरी कोपर लावलं. ती ओरडणार होती, पण भाऊंनी मागे न बघता नुसती मान हलवली आणि थोडं सरकून जागा करून दिली.

वहिनींचा भात कच्चा राहिला. दुसऱ्या खेपेला बरा झाला. सोमवारी सकाळी त्यांनी होकार कळवला.

त्या गेल्या त्या दिवशी भाऊंनी बॅग उचलून गाडीत ठेवली. साहेबांनी वजनं परत घेतली होती, पण भाऊंच्या हाताला तराजूची गरज नसते. बॅग भरलेल्या सामानापेक्षा किंचित जड होती.

घरी त्यांनी दोघांपुरते तांदूळ चढवले. कट्ट्यापाशी उभे राहिले, आच बारीक केली, वाट बघितली. मानेवर कसलीही हवा लागली नाही. भात दोघांचाच झाला, दाणाभर जास्त नाही, आणि लेक म्हणाली की घर किती मोठं वाटतंय.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. नवी खोली छान आहे, खिडकीतून झाड दिसतं, स्वयंपाकघर चिंचोळं आहे पण चालेल. मग जरा थांबून, अभिमान लपवत त्या म्हणाल्या की भात केला. पूर्ण स्वतः. अजिबात बाहेर गेले नाही. थोडासा लागला.

"पुरला ना पण?" भाऊंनी विचारलं.

फोनवर, वहिनींच्या मागे दूरवर, कुणीतरी पातेलं घासत होतं.

"हो," वहिनी म्हणाल्या. "दोघींना पुरला."